चौदा वर्षांच्या मुलाचे ट्रायग्लिसराइड्स २४०: गोळी सुरू करायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. उंची १६२ सेंमी, वजन ७९ किलो, पोटाचा घेर ९४ सेंमी. तुमच्या मोठ्या दिरांना ४३व्या वर्षी हार्ट अटॅक आला. त्या धास्तीनं तुम्ही मुलाचंही रक्त तपासून घेतलंत आणि रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉल १८२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) २४०, एचडीएल ३४, एलडीएल १०० असे आकडे आले. एका डॉक्टरांनी अॅटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आणि अंडी-तूप बंद करायला सांगितलं. सासूबाई म्हणतात, वयात येतोय, उंची वाढली की आपोआप उतरेल, पोराच्या ताटावर नजर ठेवू नका. दोन महिने अंडी-तूप बंद आहे, तरी वजन दोन किलो वाढलंच. गोळ्या आणून ठेवल्या आहेत, पण द्यायचा धीर होत नाही.

गेली बावीस वर्षं मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि गेल्या दहा वर्षांत असे रिपोर्ट घेऊन येणारे आईवडील खूप वाढले आहेत. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, म्हणून काही गोष्टी ‘हे असेल तर असं’ याच भाषेत सांगाव्या लागतील. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच कळतं. तुम्ही गोळी द्यायची का असं विचारलंय. मला वाटतं, त्याच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: याच्या रक्तात नेमकी कोणती चरबी वाढली आहे आणि ती येते कुठून?

आधी रिपोर्ट. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. टोटल कोलेस्टेरॉल २००च्या आत, ट्रायग्लिसराइड्स १५०च्या आत. किशोरवयात मोजपट्टी वेगळी आहे. टोटल कोलेस्टेरॉल १७०च्या आत चांगलं, २०० आणि पुढे जास्त. एलडीएल ११०च्या आत चांगलं, १३० आणि पुढे जास्त. ट्रायग्लिसराइड्स दहा ते एकोणीस या वयात ९०च्या आत हवेत, १३० म्हणजे जास्त. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’, ४५च्या वर हवं, ४०च्या खाली गेलं की कमी. या मापानं तुमच्या मुलाचे ट्रायग्लिसराइड्स बरेच जास्त आहेत आणि एचडीएल बरंच कमी. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो, ते मात्र चांगल्या पट्ट्यात आहे. आणखी एक आकडा तुमच्या कागदावर नसेल, तो स्वतः काढा: टोटलमधून एचडीएल वजा करा. १८२ वजा ३४, म्हणजे १४८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. मुलांमध्ये हा १२०च्या आत हवा, १४५च्या वर जास्त. मी पहिल्यांदा याच आकड्याकडे बघते, कारण उपाशी नसताना रक्त दिलं तरी तो फारसा हलत नाही.

एलडीएल चांगलं आहे म्हटल्यावर नॉन-एचडीएल जास्त कसं? कारण नॉन-एचडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड्स वाहून नेणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉलही मोजलं जातं. शिवाय इथे एलडीएलचा आकडाही पुरतं सांगत नाही. एक मण ज्वारी चार मोठ्या डब्यांत भरता येते किंवा वीस बरण्यांत. तुमचा रिपोर्ट ज्वारी मोजतो, डबे मोजत नाही. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतात तेव्हा एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात, म्हणजे तेवढंच कोलेस्टेरॉल जास्त कणांत वाटलेलं असतं. रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात ते कण. म्हणून एलडीएल १०० दिसलं तरी मी अशा मुलाला ‘काही काळजी नाही’ म्हणून घरी पाठवत नाही.

आता हे ट्रायग्लिसराइड्स येतात कुठून? बहुतेकांची समजूत अशी की खाल्लेलं तेल-तूप थेट रक्तात तरंगतं. जेवणानंतर काही तास तसं होतंही. पण बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात जे सापडतं, ते मुख्यतः यकृतानं स्वतः तयार करून बाहेर सोडलेलं असतं. पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. वयात येताना हा इन्सुलिनचा अडथळा सगळ्याच मुलांमध्ये थोडा वाढतो, स्थूल मुलांत तो दुप्पट जोरानं जाणवतो. मग पोटातली चरबी सतत यकृताकडे वाहत राहते आणि त्याच वेळी साखर, मैदा, पांढरा भात यातून आलेली जादा ऊर्जाही यकृत चरबीतच बदलतं. ती चरबी यकृत रक्तात सोडतं, काही स्वतःमध्येच साठवतं. याच गडबडीत एचडीएलचे कणही बिघडतात आणि शरीर ते लवकर काढून टाकतं, म्हणून एचडीएल खाली येतं. वाढलेला घेर, चढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि उतरलेलं एचडीएल हे तीन वेगळे आजार समजू नका. मूळ एकच आहे.

म्हणूनच अंडी-तूप बंद करून काही झालं नाही. मी अशा घरांत नेहमी विचारते, अंडं गेलं, त्या जागी काय आलं? उत्तर बहुधा टोस्ट, मारी बिस्किटं किंवा ‘हेल्दी’ म्हणून आणलेला डबाबंद रस असं असतं. म्हणजे पोट भरणारं प्रथिन गेलं आणि यकृताला चरबी बनवायला कच्चा माल मिळाला. तुमच्या मुलाच्या बाबतीत अंडं पुन्हा सुरू करा. भाकरीवर चमचाभर तूपही चालेल. तळण, डालडा आणि बेकरीचे पदार्थ मात्र कमी हवेतच. नवा विचार करायचा तो साखरेचा.

हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा आहे. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ मधल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचं रक्त तपासलं होतं. टोटल कोलेस्टेरॉल जास्त असणारे सुमारे ४ टक्के होते, ट्रायग्लिसराइड्स जास्त असणारे १६ टक्के आणि एचडीएल कमी असणारे २८ टक्के. म्हणजे आपल्या मुलांचा प्रश्न ‘कोलेस्टेरॉल’ या एका शब्दात सापडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून याची एक मुळाशी जाणारी बाजू कळली. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. त्यामुळे आपल्या मुलांचं शरीर कमी वजनालाही चरबी बाळगून असतं आणि अपाय लवकर सुरू होतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ साली वाढीचे जे तक्ते दिले, त्यात ‘जास्त वजन’ आणि ‘स्थूलता’ या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) जोडल्या आहेत, त्या याच कारणानं. तुमच्या मुलाचा बीएमआय ३०.१ येतो. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे ८१च्या आत. तो ९४ आहे. सासूबाईंच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण हे बाळसं नव्हे.

‘इतक्या लहान वयात हृदयाला काय होतंय?’ असंही तुम्ही विचारलंय. आत्ता काही होणार नाही. पण सुरुवात याच वयात होते, हे ठाऊक असलेलं बरं. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या गावात १९७३ पासून मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यातली जी मुलं आणि तरुण पुढे अपघातांत वा अन्य कारणांनी गेले, त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्यावर चरबीचे पट्टे सापडले आणि वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी यांतले जितके घटक बिघडलेले, तितके ते पट्टे जास्त होते. या वयातले पट्टे बरेचसे मागे फिरू शकतात, म्हणूनच मी आत्ता एवढं लिहिते आहे.

आता गोळी. अॅटोर्वास्टॅटिन हे ‘स्टॅटिन’ गटातलं औषध, आणि स्टॅटिन हे मुख्यतः एलडीएलचं औषध आहे. मुलांमध्ये ते कधी देतात? साधारण दहा वर्षांपुढे, सहा महिने आहार-व्यायाम नीट करूनही एलडीएल १९०च्या वर राहिलं तर. किंवा १६०च्या वर आहे आणि घरात कमी वयातला हृदयविकार आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार अशा मुलांत त्याहून कमी आकड्यालाही विचार होतो. तुमच्या मुलाचं एलडीएल १०० आहे. या आकड्यांवर मी स्टॅटिन सुरू केलं नसतं. ट्रायग्लिसराइड्ससाठीही २४० हा औषधाचा आकडा नाही. ते ५००च्या पुढे गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो, तिथे तज्ज्ञांकडे तातडीनं जायला हवं. तरी ज्यांनी गोळी लिहिली त्यांना परत भेटा आणि सरळ विचारा, ‘ही कोणत्या आकड्यासाठी?’ त्यांना तपासणीत असं काही दिसलं असेल जे तुम्ही मला लिहिलेलं नाही.

एका मुलीची आठवण इथे सांगायला हवी. अकरा वर्षांची, काटकुळी, खोकल्यासाठी आणलेली. वडील ३९व्या वर्षी हृदयविकारानं गेलेले, एवढ्यावरून मी तपासणी सांगितली. एलडीएल २३०च्या आसपास आलं. टाचेच्या मागच्या दोरीसारख्या शिरेवर (कंडरेवर) हात फिरवला तर ती जाड, गाठाळ. तो आनुवंशिक आजार होता, साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि कितीही पथ्य पाळलं तरी आहारानं आवरत नाही. तिला गोळी हवीच होती आणि ती आजही घेते. तुमचा मुलगा आणि ती मुलगी यांच्या रिपोर्टला घरोघरी एकच नाव मिळतं, ‘कोलेस्टेरॉल वाढलंय’. उपाय मात्र पूर्ण वेगळे.

म्हणून दिरांची गोष्ट मी सोडून देणार नाही. पुरुषांत ५५च्या आत आणि बायकांत ६५च्या आत आलेला हृदयविकार मुलाच्या खात्यात लिहायचाच असतो, काका असला तरी. त्यांचं अटॅकच्या आधीचं एलडीएल किती होतं, मधुमेह होता का, सिगारेट-तंबाखू होती का, हे विचारून ठेवा. तुमच्या यजमानांचं लिपिड प्रोफाइल झालं नसेल तर ते मुलाच्या पुढच्या तपासणीआधी करा. मुलाची लायपोप्रोटीन-ए (रक्तातला हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून ठेवण्यासारखी आहे. त्याची पातळी आनुवंशिक असते आणि पुढे फारशी बदलत नाही.

बाकी काय काय तपासायचं ते परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलगा वर्गात उंच असेल, दरवर्षी नीट उंची वाढत असेल, तर वजनामागे थायरॉइडसारखं कारण असण्याची शक्यता कमी. उंची अडली असेल आणि वजन वाढत असेल, तर मात्र मी थांबत नाही, हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे पाठवते. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) थोडं वाढलेलं आलं तर घाबरू नका. स्थूल मुलांत ते वजनामुळेच थोडं वर असतं, वजन उतरलं की तेही उतरतं. मान आणि काखा काळ्या, मखमलीसारख्या दिसतात का बघा. घासून निघत नाही म्हणून मुलांना ओरडा बसतो, पण तो मळ नसतो, वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. रात्री घोरतो का? झोपेत श्वास अडतो का? रक्तदाब मोठ्या पट्ट्यानं मोजून घ्या, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) करा. एसजीपीटीची गंमत लिपिडसारखीच आहे, कागदावर ४०पर्यंत नॉर्मल छापतात, मुलग्यांत मात्र २६च्या वर गेलं की यकृतात चरबी साठल्याचा विचार मनात यायला हवा. इन्सुलिनची पातळी मोजायची गरज नाही, त्यानं उपचार बदलत नाहीत. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड, फिट्सचं औषध, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन यांपैकी काही चालू असेल तर आधी ते सांगा.

आता घरात काय करायचं? सुरुवातीच्या वर्षांत मी छापील डाएट चार्ट देत असे. सकाळी सातला एवढे बदाम, अकराला एवढी पपई. कुणाच्याही घरी तो तीन आठवड्यांपुढे टिकला नाही, आणि आई-मुलात रोज भांडणं मात्र लागली. आता मी एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगते.

पहिली गोष्ट, पेयं. दोन कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे वीस ग्रॅम. कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली म्हणजे आणखी सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. डबाबंद रसही त्याच्या जवळपास. आणि ‘ताकदीसाठी’ दुधात घालतात त्या पावडरीतही साखर असते. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत हवी. पाणी, ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी, चहा अर्ध्या चमच्यावर. फळ चावून खायचं, पिळून नाही. फक्त एवढ्या बदलानं ट्रायग्लिसराइड्स ठळक खाली आलेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी, संध्याकाळचे पाच. शाळा सुटते, सहाला क्लास असतो, मधल्या तासात भूक खवळलेली आणि खिशात पैसे किंवा फोनमध्ये स्कॅन करायची सोय. वडापाव, खारी, वेफर्स, सगळं त्या एका तासात जातं. तिथे घरातून जेवणासारखं काहीतरी मिळालं पाहिजे: मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, मुगाचं धिरडं, कालची भाकरी आणि पिठलं. मूठभर शेंगदाणे-फुटाणे डब्यात दिले तरी चालतं. पोट भरलेला मुलगा गाडीसमोरून जाऊ शकतो. उपाशी मुलाकडून ती अपेक्षाच चूक आहे. त्याच विचारानं नाश्त्याचे पोहे असतील तर त्यात मटार आणि वर शेंगदाणे, शेजारी अंडं. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र जवळपास नुसता स्टार्च आणि तेल, ती पथ्याची समजू नका. रात्री भात एक वाटी, वरण दोन वाट्या, कोशिंबीर भरपूर.

तिसरी, रोज एक तास घाम येईल असं काहीतरी. फुटबॉल, कबड्डी, सायकल, जे त्याला आवडेल ते. ट्रायग्लिसराइड्सवर व्यायामाचा परिणाम फार लवकर दिसतो, कारण चालणारे स्नायू ती चरबी रक्तातून उचलून जाळतात. पण व्यायाम सोडला की तो परिणामही थोड्याच दिवसांत जातो. म्हणून रविवारी चार तास खेळण्यापेक्षा रोजचा एक तास बरा. आणि कळकळीची विनंती, पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणून खेळ बंद करू नका. मी पाहिलेल्या कितीतरी मुलांचं वजन नेमकं त्या वर्षी दहा-बारा किलोंनी चढलेलं आहे. झोपही आठ तासांच्या खाली नको. रात्री एकपर्यंत फोन, सकाळी सहाला शाळा, असं चाललं की दिवसभर गोडाची भूक राहते.

आणि वजन किती उतरवायचं? कदाचित एक किलोही नाही. त्याची उंची अजून वाढत असेल आणि वर्षभरात ती १६८ झाली, वजन ७९वरच थांबलं, तर बीएमआय ३०.१वरून २८वर येतो. सासूबाईंचं म्हणणं इथे अर्धं खरं आहे: उंची मदत करते, पण वजन थांबवलं तरच. उंची वाढायची थांबली असेल तर महिन्याला एखाद-दुसरा किलो उतरवणं ठीक. उपाशी ठेवणं, एकभुक्त राहणं, पावडरीचे डबे, हे या वयात नको. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही तुम्ही विचारलंय. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०२२च्या शेवटी बारा वर्षांपुढच्या स्थूल मुलांसाठी परवानगी मिळाली आहे. तीव्र स्थूलता आणि सोबत मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर बालहार्मोनतज्ज्ञांशी त्यावर बोलता येतं. आज, काहीच नीट करून पाहिलेलं नसताना, मी तिकडे वळणार नाही.

एक गोष्ट मी आईवडिलांना जवळजवळ हात जोडून सांगते. त्याच्यासाठी वेगळं ताट करू नका. धाकट्या बहिणीला श्रीखंड आणि याला काकडी, असं केलंत तर तो चोरून खाईल आणि स्वतःला दोष देत राहील. घरात जे नको ते कुणासाठीच आणू नका, सणाला आणलं तर सगळ्यांनी मिळून खा. पाहुण्यांसमोर वजनाचा विषय नको, ‘जाड्या’ हे लाडानंही नको. वजनकाटा महिन्यातून एकदाच. माझ्यासमोर मान खाली घालून बसलेली आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आई देतेय, अशी मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यांचं वजन सहसा उतरत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशी, आणि ताप येऊन गेल्यावर लगेच किंवा दिवाळीच्या आठवड्यात नको. घेर आणि ट्रायग्लिसराइड्स आधी हलतील, एचडीएल सगळ्यात शेवटी आणि थोडंसंच, त्यानं निराश होऊ नका. ट्रायग्लिसराइड्स तिथेच राहिले किंवा एलडीएल १३०च्या वर गेलं तर बालहार्मोनतज्ज्ञांना दाखवा. जाताना काकांचा आणि बाबांचा रिपोर्ट घ्या, आणि शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकांत उंची-वजनाच्या नोंदी सापडल्या तर त्याही. त्या चार-पाच आकड्यांवरून वजन कोणत्या इयत्तेपासून सुटलं ते कळतं आणि बऱ्याचदा त्या वर्षी घरात काय बदललं होतं तेही आठवतं. आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की आधी त्याला बोलू द्या.